बालवाडीच्या पोरांना भाषणं नकोत, आपल्या सोलापूरचा झेंडा सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

15 ऑगस्ट जवळ आला की आमच्यासारख्या लहान पोरांच्या आयांच्या मोबाईलवर शाळेच्या ग्रुपमधून मेसेज सुरू होतात, पांढरा ड्रेस घाला, सकाळी सातला हजर, पाण्याची बाटली सोबत, आणि फॅन्सी ड्रेसला नाव दिलंय त्यांनी घरूनच तयार होऊन यायचं. आता यात माझं काय दुखणं आहे ते सांगते. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं असतं. तेवढा वेळ चार वर्षांचं पोरगं पण छान ताठ उभं राहतं, शेवटचं जय हे तर छतं उडतील असं ओरडतं. पण त्याच्यानंतर जे तास दीड तास चालतं ते नक्की कुणासाठी असतं? पाहुणे यायचेत म्हणून पोरं आधीच पटांगणात बसवलेली, मग नारळ, शाल, सत्कार, मनोगत, अध्यक्षांचं मनोगत, आणि आभार मानणारे सर पण परत दहा मिनिटं घेतात. ढग नसले तर आपल्या सोलापूरचं ऑगस्टातलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या वर्षी आमच्या ओळीतल्या एका टिळकांची मिशी घामानं सुटून ओठावर आली होती, बिचारा एका हातानं मिशी धरून दुसऱ्या हातानं शेजारच्या झाशीच्या राणीची पुठ्ठ्याची तलवार ओढत होता, आणि स्टेजवर चाललं होतं की ही मुलं म्हणजे उद्याचं भविष्य.

मी काही फॅन्सी ड्रेसच्या विरोधात नाही, पोरांना मजा येते. जिलेबी तर पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण दरवर्षी तेच भाड्याचे ड्रेस, तेच दोन ओळींचं पाठांतर, आणि आपल्या गावात जे घडलं त्याचा त्या सकाळी एक शब्द पण नाही, हे मला पटत नाही. अहो, 1930 मध्ये इंग्रजांचं राज्य असताना आपल्या सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागलाय! किती गावांकडं अशी गोष्ट आहे? मे महिन्यात गांधीजींना पकडलं, गाव पेटलं, गोळीबार झाला, आणि नंतर पोलीसच गाव सोडून गेले, दोन चार दिवस सोलापुरात इंग्रजांचं काही चालतच नव्हतं. मग 12 मे ला मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, लावला, आणि झेंडा घेऊन फिरणं हाच गुन्हा झाला.

आता तुम्ही म्हणाल की चार पाच वर्षांच्या पोरांना मार्शल लॉ काय समजणार. नाहीच समजणार आणि समजवायचा पण नाही. याच लढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, ही गोष्ट मोठी झाल्यावर कळूदे, फाशी हा शब्द त्या वयात कशाला. (त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, म्हणजे तुमच्याच धंद्यातले की.) तसं पण 12 जानेवारीला शाळेत जिजाऊ आणि विवेकानंदांच्या फोटोला हार घालतात, घरी गड्ड्याच्या जत्रेला जायची घाई असते, आणि त्यात हे चौघं बऱ्याचदा राहूनच जातात.

पण झेंड्याची गोष्ट समजते हो पोरांना! मी माझ्या मुलीला या चौघांच्या पुतळ्यांपाशी, चार पुतळ्याला, घेऊन गेले होते, संध्याकाळी, गर्दीच होती, तिला एवढंच सांगितलं की आपल्या गावातल्या लोकांनी झेंडा लावला आणि इंग्रजांना ते आवडलं नाही. ती लगेच, मग काढला का त्यांनी? म्हटलं हो, लावू देत नव्हते. मग परत कधी लावला? म्हटलं 15 ऑगस्टला. त्याच्यावर ती जी खूश झाली, जसं काय तिचंच खेळणं कुणीतरी परत आणून दिलं. एवढं कळलं तर अजून काय पाहिजे त्या वयात? रस्ताभर मग ज्या त्या बिल्डिंगकडं बोट दाखवून, इथं लावलेला का, इथं लावलेला का, असं चाललं होतं.

अजून एक गंमत म्हणजे त्या वेळच्या झेंड्यावर अशोकचक्र नव्हतं, चरखा होता. चक्र आलं 1947 च्या जुलैमध्ये. दुसऱ्या गावात चरखा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, पण आपल्याकडं शहराच्या पूर्व भागात घराघरात माग चालतात, सूत म्हणजे काय हे पोरांना बोलायला लागायच्या आधीपासून माहीत असतं. चरख्यावर सूत निघतं एवढं म्हटलं की झालं काम. आणि वर्गातली कितीतरी पोरं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, त्यांच्या डोक्यावरून ती छापील मराठी भाषणं अशीच जातात. ही गोष्ट त्यांची आजी त्यांच्या भाषेत सांगू शकते, आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून काही ऐकलेलं असेल तर ते पण निघेल. शाळेनं एखाद्या आजी आजोबांना बोलवून पोरांच्यात खाली बसवलं, माईक न देता, तर काय बिघडतंय? मोठ्या वर्गांचा कार्यक्रम नंतर चालूदे पाहिजे तेवढा, आमची छोटी पोरं झेंडावंदन, एक गोष्ट, एक गाणं आणि जिलेबी एवढ्यावर अर्ध्या तासात घरी सोडा.

आणि जाता जाता ते हातातले झेंडे. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर बंदी आहे, तरी सिग्नलला मिळतातच. कागदी चालतो, पण तो खाली टाकायचा नाही असा नियमच आहे, आणि पोरं दमल्यावर झेंडा कुठं जातो ते प्रत्येक आईला माहीत आहे. गेटवर एक टोपली ठेवली आणि पोरांनाच झेंडे गोळा करायला लावले तर ती आनंदानं करतील, त्यांना असली कामं भाषणापेक्षा लई आवडतात.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. 15 ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानापासून शुभेच्छांच्या जाहिराती असतात, असूद्यात, पण एक अर्धं पान आमच्या पोरांना द्या. त्यात ही झेंड्याची गोष्ट मोठ्या अक्षरात, आठ दहा ओळींत, आणि खाली रंगवायला तो चरख्याचा झेंडा. आणि कागद जरा बरा वापरा, स्केचपेन मागच्या पानावर उतरतो.

आपली,
बालवाडीतल्या एका मुलीची आई, सोलापूर