कॅलेंडर तिथंच राहू दे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की आईला गॅसवर काहीतरी आठवतं आणि बाबा दोन मिनिटांत "बरं, आईकडे देतो" म्हणून मोकळे, त्यामुळे मनातलं काही बोलणंच होत नाही, म्हणून आज बसून टाईप करतेय. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचायचं. बाबांनी मध्ये मध्ये बोलायचं नाही.

पहिलं कॅमेऱ्याचं. मे महिन्यात मी हॉलमध्ये तो छोटा कॅमेरा लावून आले, आणि जूनपासून मला त्यात पांढरंफटक सोडून काही दिसत नाही. पहिले आठ दिवस मी वायफायला शिव्या घातल्या, राऊटर बंद-चालू करायला लावला तुम्हाला, मग मावशीकडून कळलं की बाबांनी बरोब्बर त्याच्यासमोर कालनिर्णय टांगलंय. म्हणजे मी इथे तोक्योत बसून कालनिर्णयची पाठ बघतेय! मग मी फोनवर तणतणले आणि आई तू एवढंच म्हणालीस की "तुझ्या स्वयंपाकघरात पण एक लावूया का गं, मला पण बघायचंय तू रात्री काय खातेस ते." त्यावर मी फोन ठेवला. खरं सांगू का, त्या रात्री मी उभ्याउभ्या पाकिटातले नूडल्स खाल्ले होते आणि ते तुला दिसू नये असंच मला वाटत होतं.

तर या लोकांनी हाच प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय, आणि तो पण चहाच्या किटलीने. इथे झोजिरुशी म्हणून ओसाकाची जुनी कंपनी आहे, १९१८ पासूनची, आधी थर्मास करायचे. झो म्हणजे हत्ती, त्यामुळे आपल्याकडे असती तर नाव हत्तीछाप थर्मास झालं असतं. १९९६ साली तोक्योच्या इकेबुकुरो भागात एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरातल्या घरात गेले आणि कित्येक दिवस कुणाला पत्ताच नव्हता. त्यानंतर विचार सुरू झाला की म्हाताऱ्या माणसांवर नजर न ठेवता त्यांची खबर कशी ठेवायची. तर इथल्या घराघरात पाणी गरम ठेवणारा विजेचा पॉट असतो, दिवसभर वरून दाबायचं आणि चहा करून घ्यायचा. यांनी त्यातच एक छोटं मोबाईलसारखं यंत्र बसवलं. आजोबांनी सकाळी पॉट चालू केला, दुपारी पाणी घेतलं, की त्याची नोंद होते आणि दिवसातून दोनदा मुलाला नाहीतर मुलीला मेल जातो. २००१ लाच ही सर्व्हिस चालू झाली! तेव्हा आपल्याकडे लँडलाईनला कुलूप लावायचे लोक.

मला त्यातलं काय आवडलं सांगू, की त्या पॉटला दुसरं काही कळतच नाही. आजोबा बनियनवर बसलेत की आजीशी भांडलेत, काही नाही. फक्त चहा झाला. बस. इथे दर दहा माणसांत जवळजवळ तीन जण पासष्टच्या पुढचे आहेत, त्यामुळे दुकानात गेलं की असल्या वस्तूंची रांग लागलेली असते, काही खरोखर कामाच्या, काही बघून हसू आवरत नाही. एक उशी आहे, कूबो नावाची, तिला डोकं नाही, पाय नाहीत, फक्त शेपूट. मांडीवर घेऊन कुरवाळली की शेपूट हलवते. आई म्हणेल आपली मनी काय वाईट आहे, पण इथे कित्येक बिल्डिंगमध्ये मांजर पाळायला परवानगीच नाही गं. ही उशी करणाऱ्या कंपनीनेच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मोठ्या शोमध्ये एक बोटभर मांजर दाखवलं, ते कपाच्या काठावर बसतं आणि चहावर फू फू करून फुंकर मारतं. इथे ज्याला गरम सोसत नाही त्याला मांजरजिभेचा म्हणतात, म्हणून ते मांजर. मी व्हिडिओ बघितला आणि बाबांची बशी आठवली. एका फुर्रक्यात काम, चार्जिंगची भानगड नाही.

आता आईसाठी एक गोष्ट, ही मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ओसाकाला मोठं वर्ल्ड एक्स्पो झालं, २०२५ च्या एप्रिल ते ऑक्टोबर, त्यात मी गेले होते हे तुम्हाला माहितीये, फोटो पाठवले होते. पण एक सांगायचं राहिलं. तिथे माणसं धुवायचं मशीन होतं. हो, वॉशिंग मशीन, माणसांचं. विमानाच्या पुढच्या काचेसारखं झाकण असलेली एक पारदर्शक कॅप्सूल, आत टेकून बसायचं, झाकण बंद, गरम पाणी आणि इतके बारीक बुडबुडे की चोळावं लागत नाही, पाठीला टेकलेले सेन्सर ठोके मोजतात, समोर शांत वाटेल अशी चित्रं, आणि मग आतच वाळवतात पण. सगळं पंधरा मिनिटांत. गंमत म्हणजे हे काही नवीन नाही, १९७० साली याच ओसाकाच्या एक्स्पोत सान्यो कंपनीने असंच मशीन ठेवलं होतं, अंड्यासारखं, आणि आता ज्या कंपनीने नवं केलं तिच्या चेअरमननी ते लहानपणी, चौथीत असताना बघितलं होतं. पंचावन्न वर्षं डोक्यात घेऊन फिरला माणूस!

मला आत बसायला बुकिंग मिळालं नाही, बाहेरूनच बघितलं. लोक हसत होते, सेल्फी काढत होते, मी पण आधी हसले. मग एकदम आजीची आंघोळ आठवली. शेवटची तीन वर्षं तू तिला रोज आंघोळ घालायचीस ना, तो प्लास्टिकचा पाट, नंतर बाबांनी भोक पाडलेली ती खुर्ची, तांब्याचं घंगाळ, तू पदर खोचून एका हाताने तिला मागून धरायचीस आणि दुसऱ्या हाताने पाणी, आणि ती रोज म्हणायची "थंड आहे गं", रोज, वाफा निघत असल्या तरी. तुझी कंबर तेव्हापासून गेली, आम्ही सगळे डॉक्टरला सांगतो वयामुळे. मी त्या मशीनसमोर उभी राहून मनातल्या मनात त्यात आजीला बसवून बघितलं. बसली असती की नाही कुणास ठाऊक. झाकण बंद करू दिलं नसतं बहुतेक. पण तुझी कंबर तरी वाचली असती, आणि ती पंधरा मिनिटं तू बाहेर बसून निवांत चहा प्यायली असतीस.

बाबांना मात्र हे मशीन नको, बाबांना कुत्रा पाहिजे. सोनीचा आयबो आठवतो? १९९९ ला आला होता, यंत्राचा कुत्रा, अडीच लाख येन किंमत, आणि जपानमधले तीन हजार वीस मिनिटांत खपले होते. २००६ ला कंपनीने बनवायचं बंद केलं, २०१४ ला दुरुस्ती पण बंद. आता काय करायचं? लोकांचा जीव जडलेला. तर सोनीतून बाहेर पडलेल्या जुन्या इंजिनियर मंडळींनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि पार्ट मिळेनात म्हणून जे कुत्रे अगदीच गेले त्यांचे पाय-मोटर काढून दुसऱ्यांना बसवतात, अवयवदानच म्हणा. आणि काढायच्या आधी, बाबा ऐका, चिबा प्रांतातल्या इसुमीला एक बौद्ध देऊळ आहे कोफुकुजी, तिथे त्या कुत्र्यांना ओळीने मांडून भटजी रीतसर मंत्र म्हणतात. २०१५ पासून चाललंय, २०१८ पर्यंत आठशेच्या आसपास कुत्रे झाले होते. ऑफिसमधल्या उत्तर भारतीय मुलाला हे सांगितलं तर तो खो खो हसला. मला नाही हसू आलं. खंडेनवमीला तुम्ही टेस्टर, पक्कड, ते एमएसईबीतलं जुनं मेगर, सोल्डरिंग गन सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहता आणि त्या दिवशी आईला साधा बल्ब बदलून पाहिजे असला तरी हत्यार उचलत नाही, त्यात आणि यात काय फरक आहे?

बरं, आता मुद्द्याची वस्तू. बाबा, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि आई म्हणते तुम्ही ताटात वरून घेता. तुमच्यासाठी मी विजेचा चमचा बघून ठेवलाय. हसू नका. किरिन, म्हणजे बिअरवाली कंपनी, तिने मेजी युनिव्हर्सिटीच्या मियाशिता नावाच्या प्रोफेसरांबरोबर केलाय, २०२४ च्या मे महिन्यात विकायला काढला. ह्या प्रोफेसरांना आणि त्यांच्या सहकारी बाईंना आधी विजेच्या जेवायच्या काड्या आणि स्ट्रॉसाठी २०२३ चं इग नोबेल मिळालंय, ते आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस असतं ना, ते. जपानी माणूस सूप आणि लोणच्यांमुळे दिवसाला दहाएक ग्रॅम मीठ खातो, म्हणून हा खटाटोप.

कसं चालतं ते तुम्हाला एका वाक्यात कळेल कारण ते टाकी भरली की चिवचिवणाऱ्या तुमच्या त्या चिमणी-बेलसारखंच आहे. टाकीत दोन पट्ट्या, पाणी दोन्हींना लागलं की सर्किट पूर्ण आणि बेल वाजते, बरोबर? इथे चमच्याचं टोक ही एक पट्टी आणि दांड्याला धरलेला तुमचा हात दुसरी, मध्ये आमटी आणि तुम्ही स्वतः. अगदी बारीक करंट जातो आणि आमटीत पसरलेले मिठाचे आयन जिभेकडे गोळा होतात, म्हणजे मीठ तेवढंच पण खारटपणा जास्त लागतो. काड्यांच्या चाचणीत दीडपट लागला होता. ऑफिसमध्ये एकीने घेतलाय, मी तिच्याकडून मिसो सूपला वापरून बघितला, चव वाढते हे खरं, पण घाईने ओढून चालत नाही, चमचा जिभेवर जरा ठेवावा लागतो. तुम्ही तीन मिनिटांत जेवून उठता त्यामुळे हीच अडचण. आणि पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी याला काही उपयोग नाही, पातळ पाहिजे. पेसमेकरवाल्यांना चालत नाही, तुम्हाला तो नाही, पण तरी आधी डॉक्टरांना विचारते. विकायला काढला तेव्हा किंमत १९,८०० येन होती. आपले अकरा हजारांच्या आसपास. झालं, बोला आता, "त्यात दोन मिक्सर आले असते."

चिमणीचा विषय निघालाच आहे तर, मला जे लिहायचं होतं ते हेच, एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. श्रावणात बाबा मोरीत घसरले त्या दिवशी आई देवळात होती. मी त्या वेळी जागी होते, ऑफिसमध्ये होते, मोबाईलवर ॲप उघडं होतं, नेहमीप्रमाणे पांढरं. आणि कालनिर्णय नसतं तरी काय दिसलं असतं? रिकामा हॉल आणि फिरणारा पंखा. कळलं कुणाला, तर समोरच्या काकूंना. टाकी भरली, चिमणी वाजायला लागली, आणि वाजतच राहिली, दहा मिनिटं झाली तरी मोटर कुणी बंद करेना. काकू मला नंतर म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा अर्ध्या मिनिटात बंद करतात, वीस वर्षं ऐकतेय मी." हातातली कणीक तशीच घेऊन त्या आल्या, किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून दार उघडता आलं.

त्या चिमणीवरून मी कॉलेजात असताना केवढी भांडले होते. पहाटे पाचला पाणी यायचं, पाच-वीसला चिव चिव चिव, सगळी गल्ली जागी, आणि मला मैत्रिणी चिडवायच्या. मी म्हणाले होते की हे काय भिकार जुगाड करून ठेवलंय, बाजारात चांगले रेडिमेड मिळतात. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, मला वाटतं फक्त आवाज थोडा कमी केला.

तर मी जानेवारीत येतेय, संक्रांतीच्या आधी. कॅमेरा मी स्वतः काढेन आणि परत घेऊन जाईन, मनीला बघायला सुद्धा ठेवायचा नाही. कालनिर्णय नवं आणलंत की तिथेच लावा, खिळा चांगला बसलाय. तोपर्यंत काकूंकडची किल्ली परत मागू नका. आई, मोरीत त्या खरखरीत मॅट टाकून घे, दोन घे, एक वाळत घालायला लागते, आणि बाबांना भिंतीला धरायची दांडी बसवायला सांग. ते काम बाहेरच्या माणसाला देऊ नका, ते स्वतःच नीट करतील. आणि आई, मी पण आता रोज रात्री जेवणाचा एक फोटो तुला टाकणार, नूडल्स असले तर नूडल्स. ओरडायचं नाही.

आणि बाबा, चमचा आणला की पहिल्या दिवशी निदान एक वाटी आमटी त्याने खा. स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी लावा. चिमणीचा आवाज चिरका झालाय म्हणतात काकू, सेल उतरले असतील, बदलून टाका. आणि तो कमी केलेला आवाज परत पहिल्यासारखा करा.

तुमची,
ठमी