डेटनहून आबांना

डेटन, ओहायो
8 एप्रिल 2025

ती. आबा आणि आईस सा. न.

आबा, काल तुमचा फोन मी घाईघाईत ठेवला त्याचं आईला वाईट वाटलं असं वहिनी म्हणाली, म्हणून आज जेवण उरकल्या उरकल्या लिहायला बसलेय. तुमच्याकडं सकाळचे साडेआठ वाजलेले तेव्हा इकडं रात्रीचे अकरा, आणि टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलची शेवटची मिनिटं चाललेली. फ्लोरिडा विरुद्ध ह्यूस्टन. ह्यूस्टनवाले मधे बारा पॉइंटनी पुढं होते आणि हरले 65-63 नं, शेवटच्या सेकंदांत शॉट मारायलाच मिळाला नाही त्यांना, चेंडू जमिनीवर पडलेला आणि वेळ संपलेली. म्हणून फोन ठेवला. रागावू नका.

ही फायनल झाली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला, अलामोडोम नावाच्या प्रचंड स्टेडियममध्ये. हल्ली फायनल अशाच ठिकाणी असते, म्हणजे मुळात अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं छप्पर असलेलं स्टेडियम आणि त्याच्या मधोमध मेपल लाकडाचा उंच कोर्ट जोडून ठेवायचा, साठ-सत्तर हजार माणसं बसतात, लांबच्यांना खेळाडू मुंगीएवढे दिसतात म्हणून ते वरच्या स्क्रीनकडंच बघतात. 2014 ला डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्ये तर 79 हजारांवर लोक आलेले. पहिली स्पर्धा 1939 ला झाली तेव्हा आठच टीम होत्या आणि फायनल शिकागोजवळ एव्हन्स्टनला एका कॉलेजच्या जिममध्ये झालेली! शहरं कित्येक वर्षं आधी ठरतात, पुढच्या वर्षी इंडियानापोलिस, मग डेट्रॉइट, मग लास व्हेगास. सॅन अँटोनिओची ही पाचवी वेळ. आणि गंमत बघा, टीम चार गटांत वाटतात आणि प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकन देतात, तर पहिल्या मानांकनाच्या चारही टीम शेवटच्या चारात येणं हे आजवर दोनदाच झालंय, 2008 ला आणि यंदा, आणि दोन्ही वेळा यजमान सॅन अँटोनिओच.

पण मला तुम्हाला फायनलचं नाही सांगायचं, सुरुवातीचं सांगायचंय. कारण ही सगळी स्पर्धा सुरू होते ती इथं, आमच्या डेटनमध्ये.

एकूण 68 टीम. मेन ड्रॉ 64 चा, म्हणजे आधी आठ टीमना आपसात चार मॅच खेळून चार जागा मिळवायच्या. याला फर्स्ट फोर म्हणतात, मंगळवार-बुधवार दोन रात्री, हरला की थेट घरी. आधी 2001 ला 65 टीम झाल्या तेव्हा अशी एकच मॅच असायची, तीही डेटनलाच, मग 2011 पासून चार झाल्या. फायनल दरवर्षी नव्या शहरात जाते पण सुरुवात इथनं हलत नाही. कोविडच्या 2021 सालात तेवढी सगळी स्पर्धाच इंडियाना राज्यात नेलेली, आणि त्याच्या आदल्या वर्षी तर झालीच नव्हती. ते वर्ष इथले लोक अजून विसरले नाहीत. डेटनच्या युनिव्हर्सिटीची टीम, फ्लायर्स, त्या सीझनला 31 पैकी 29 मॅच जिंकलेली, देशात तिसऱ्या नंबरवर, आणि ऐन मार्चमध्ये स्पर्धा रद्द. आमच्या ऑफिसातल्या बाई हे सांगताना अजून गप्प होतात.

या गावाबद्दल मी तुम्हाला आधी लिहिलंय, राइट बंधूंचं गाव, त्यांचं सायकलचं दुकान इथंच होतं. एके काळी कारखान्यांनी गजबजलेलं. 2008 च्या डिसेंबरात जवळच्या मोरेनचा जीएमचा गाड्यांचा कारखाना बंद पडला, आणि पुढच्याच वर्षी एनसीआर म्हणजे गल्ल्यावरची मशीन बनवणारी शंभर वर्षांहून जुनी कंपनी जॉर्जियाला निघून गेली. मग 2019 च्या मे महिन्यात वादळं आणि ऑगस्टमध्ये गोळीबार, नऊ माणसं गेली. दीड लाखाच्या आतलं गाव आहे, एवढं सोसलं की माणसं पांगायची. पण यूडी अरेना, म्हणजे डेटन युनिव्हर्सिटीचं बास्केटबॉलचं स्टेडियम, भरतंच.

यंदा मी गेले होते, 18 मार्चला. ऑफिसमधल्या एकीकडं एक जादा तिकीट होतं. तेरा हजार माणसांचं अरेना, 1969 चं, आत शिरलं की पायऱ्या उतरत उतरत खाली कोर्टकडं जायचं, मला एकदम आपली कोल्हापूरची खासबाग आठवली, कुठंही बसा हौद्यातली कुस्ती दिसणार तशी इथं कुठंही बसा बुटांचा चर्रर्र आवाजसुद्धा ऐकू येतो. माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका, अंगात फ्लायर्सचं लाल जॅकेट, मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा. मी विचारलं तुमची टीम कुठली, तर म्हणाले आज अजून ठरवलं नाही, दहा मिनिटं बघतो आणि मग ठरवतो. 2001 पासून एकही वर्ष चुकवलेलं नाही म्हणे.

आबा, आपल्याकडं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमला फुटबॉल बघायला तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात तेव्हा मॅच बघायच्या आधी पेठ ठरलेली असायची, पाटाकडीलचा माणूस शिवाजी मंडळासाठी टाळी वाजवेल का? आणि इथं ही माणसं जिथं कधी गेली नाहीत अशा गावांच्या टीमसाठी बोंबलून घसा बसवून घेतात. मला हे आधी कळायचंच नाही.

त्या रात्री पहिली मॅच होती अलाबामा स्टेट विरुद्ध सेंट फ्रान्सिस. अलाबामा स्टेट म्हणजे माँटगोमेरीचं काळ्या मुलांसाठी सुरू झालेलं जुनं विद्यापीठ. 2009 आणि 2011 ला ते याच डेटनला येऊन हरून गेलेले, या स्पर्धेत एकही मॅच कधी जिंकलेली नाही. सेंट फ्रान्सिस पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो नावाच्या एवढ्याशा गावचं, 1991 नंतर पहिल्यांदाच आलेलं. काका सेंट फ्रान्सिसकडं झुकले, मी अलाबामाकडं. शेवटी 68-68. तीन-साडेतीन सेकंद उरलेत, अलाबामाचा चेंडू, तोही पार दुसऱ्या टोकाला. मुलानं सगळा जीव लावून तो कोर्टच्या या टोकापर्यंत फेकला, सगळ्यांनी उड्या मारल्या, तीन-चार हातांना लागून चेंडू खाली आला तो अमार नॉक्स नावाच्या पोराच्या हातात, आणि त्यानं नुसता वळून बोर्डाला लावून आत टाकला. 70-68. एक सेकंद बाकी. मी किंचाळत उभी होते आणि काकाही उभे होते, त्यांची टीम हरलेली तरी दोन्ही हात वर.

मग ते हळूच म्हणाले, आता तिकडं बघ. सेंट फ्रान्सिसचा एक मुलगा कोर्टवरच बसलेला, डोक्यावर जर्सी ओढून. ती पोरं आत जायला लागली तर आमच्या बाजूचे लोक उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले, ते बोगद्यात दिसेनासे होईपर्यंत. आठवड्यानं बातमी आली की सेंट फ्रान्सिसनं वरच्या डिव्हिजनमधनं बाहेर पडून थर्ड डिव्हिजनला जायचं ठरवलंय. म्हणजे या पातळीवर त्यांच्या नशिबात आता मोजकेच दिवस. त्या टाळ्या त्यांना मिळाल्या हे किती बरं झालं.

अलाबामा स्टेट पुढं लेक्सिंग्टनला जाऊन ऑबर्नकडनं हरली, वीस पॉइंटनी. त्यानं काही बिघडत नाही.

इथनं निघून लांब गेलेल्या टीमपण आहेत हं. 2011 ला व्हर्जिनियातल्या व्हीसीयू विद्यापीठाची टीम इथं जिंकून निघाली ती थेट शेवटच्या चारात. आणि 2023 ची गोष्ट तर काकांनी मला दोनदा सांगितली. फेअरली डिकिन्सन नावाचं न्यू जर्सीचं कॉलेज, त्या वर्षी फर्स्ट डिव्हिजनमधली सगळ्यात बुटकी टीम. बुधवारी डेटनला जिंकली आणि शुक्रवारी कोलंबसला, इथनं तासाभराच्या अंतरावर, गाठ पडली पर्ड्यूशी, पहिलं मानांकन, त्यांचा सेंटर झॅक एडी सात फूट चार इंच! आणि या पोरांनी 63-58 नं हरवलं. सोळाव्या मानांकनानं पहिल्याला पाडणं पुरुषांच्या स्पर्धेत आजवर दोनदाच घडलंय. आणि आबा, या कॉलेजला स्वतःचा बँडच नव्हता, तर डेटनच्या मुलांचा बँड त्यांच्यासाठी कोलंबसला जाऊन वाजवून आला. दुसऱ्याच्या कॉलेजसाठी! हे सांगताना काकांचा हात छातीवर होता.

2012 ला ओबामा ब्रिटनच्या पंतप्रधानांना, कॅमेरॉनना घेऊन इथंच आलेले, हॉट डॉग खात बसलेले दोघं. त्या रात्री वेस्टर्न केंटकी पाच मिनिटं उरली असताना सोळा पॉइंटनी मागं होती ती 59-58 नं जिंकली, आणि दुसऱ्या मॅचला युटाच्या बीवाययू विद्यापीठाची टीम 25 नी मागं पडून जिंकली. आजही अरेनात कोणाला विचारा, मी होतो त्या दिवशी असंच सांगतात.

तुम्ही विचाराल, मग डेटनची स्वतःची टीम खेळत नाही का इथं. नियमच असा आहे की स्पर्धेत कोणी आपल्या घरच्या मैदानावर खेळायचं नाही, म्हणून यजमान कॉलेज असलं तरी त्या टीमला दुसऱ्या शहरात पाठवतात. फक्त फर्स्ट फोरला सूट. 2015 ला ती एकदाच कामी आली, फ्लायर्स इथं खेळले आणि बॉइसी स्टेटला 56-55 नं हरवलं. एका पॉइंटनं. काका म्हणाले त्या रात्री छप्पर कसं राहिलं देवाला माहीत.

दुसरी मॅच नॉर्थ कॅरोलायनानं 27 पॉइंटनी मारली, निकाल अर्ध्यातच कळलेला, तरी लोक बसून होते. बाहेर पडताना थंडी होती, पार्किंगमध्ये अलाबामाच्या बँडमधली पोरं अजून ड्रम वाजवत बसकडं चाललेली आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबलेल्या, हॉर्न न वाजवता.

आबा, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की लगेच कळवा. आई म्हणते उन्हाळ्यात यायचं, पण तुम्ही मार्चमध्ये या, थंडी असते थोडी, स्वेटर मी घेऊन ठेवते. काकांना मी सांगून ठेवलंय, तिकिटं सुटली की ते दोन माझ्यासाठीही काढणारेत, त्यांच्या शेजारचीच. आई नको म्हणाली तर घरी टीव्हीवर बघेल. तुम्ही मात्र दहा मिनिटं बघा आणि मग टीम ठरवा.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, चिनूला पापा. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहा.

तुमची,
मनू