रविवारचं टेबल सांगून झालंय

ती. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी रात्री आपण चायनीज रेस्टॉरंटमध्ये जातोय. आधी विचारलं नाही, कारण आई म्हणाली असती "तुम्ही जाऊन या" आणि बाबांना लगेच पोटाची आठवण झाली असती. वेळ साडेसातची घेतलीय, म्हणजे गोळ्यांचं वेळापत्रक बिघडत नाही. पाठ टेकायच्या खुर्च्या आहेत, बाथरूम त्याच मजल्यावर आहे आणि एसीच्या झोताखाली बसवू नका असंही सांगून ठेवलंय.

आई, तुझ्या जेवणाची काळजी मला जास्त आहे. तिथे नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. मापो टोफू या तिखट पदार्थात टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, असला तरी वरून खिमा घालायची रीत आहे. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो, सूप बऱ्याचदा चिकनच्या स्टॉकचं असतं. म्हणून मांस, मासे, अंडं, ऑयस्टर सॉस, स्टॉक असं एकेक नाव घेऊन मीच विचारेन. तू संकोचून "चालेल" म्हणू नकोस.

चौघांना सूप आणि चार पदार्थ पुरतात: एक वाफवलेला, एक कोरडा परतलेला, एक रश्शाचा, एक पालेभाजीचा. भात वेगळा. जे आधी होईल ते आधी येतं, त्यामुळे भाताची वाट बघत बसू नका. सगळं मधल्या फिरत्या चकतीवर ठेवतात. कोणी वाढून घेत असेल तर ती फिरवायची नाही, आणि पाण्याचा ग्लास तिच्या कडेला ठेवायचा नाही, हमखास सांडतो.

सूप कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं असतं. वरून वाफ दिसत नाही, पण आत चटका बसेल इतकं गरम राहतं. आई, मला भरवताना आधी तू स्वतःच्या ओठाला लावून बघायचीस ना? तेवढाच धीर आता स्वतःसाठी धर.

बाबा, सोया सॉसची बाटली तुमच्यापासून लांब राहील. एका टेबलस्पूनमध्ये दोन ग्रॅमांहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमांच्या आत राहा म्हणते. स्वयंपाकात तो आधीच पडलेला असतो. चव कमी वाटली तर काळं व्हिनेगर घ्या. तुमच्यासाठी वाफवलेला मासा सांगू, कवळीला त्रास नाही. काटे मी काढून देईन. चिकट तांदळाचे गोळे मात्र नकोत, कवळीला धरून बसतात. सिचुआन मिरीने जीभ झिणझिणली तर घाबरू नका, ॲलर्जी नसते ती, थोड्या वेळाने जाते. लाल सुक्या मिरच्या बाजूला सारायच्या, त्या खायच्या नसतात.

चॉपस्टिक्स जमल्या तर जमल्या. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर ठेवायची, वरची पेन्सिलीसारखी धरून फक्त तीच हलवायची. आईची बोटं दुखत असतील तर सरळ चमचा मागू, तो मिळतो. फक्त काड्या भातात उभ्या खोचू नका, ते चीनमध्ये मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा असतो. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, भरून देतात. आई, लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाही.

दोघांनी चष्मे आणा, मेनूची अक्षरं बारीक असतात. आणि आई, "असू दे" म्हणून पर्समध्ये डबा घालायचा नाही.

तुमची,
ठमी