रांजणाखालची अंडी

उप्साला, ७ सप्टेंबर

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता आणि मागून आईचं "कसला बरा!" ऐकू येतं. खरं काय ते दादाला लिहायला सांगा.

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. रेवा घोड्यावर बसायला शिकते त्या तबेल्यामागे लिदीचा मोठा ढीग आहे. जूनपासून त्याला कुणी फावडं लावलं नव्हतं. मला वाटलं, आळस. तबेल्याच्या बाई म्हणाल्या, आत 'स्नूक'ची अंडी आहेत. स्नूक म्हणजे इथला बिनविषारी साप, आपल्या दिवडाचा लांबचा भाऊबंद, मानेमागे दोन पिवळे डाग. स्वीडनमध्ये साप तीनच जातींचे आणि अंडी घालणारा हा एकटा. बाकीच्या दोन जातींच्या माद्या ऊन खात हिंडतात आणि थेट पिल्लांनाच जन्म देतात. इथल्या उन्हाळ्यात उघड्या मातीत अंडी उबायची नाहीत, म्हणून स्नूक कुजून तापलेला ढीग शोधते. गेल्या आठवड्यात पिल्लं निघाली, पेन्सिलीएवढी. एक रेवाच्या बुटापाशी आलं आणि उताणं पडून, जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग घेऊन राहिलं. ती रडायलाच लागली.

मला आपला उकिरडा आठवला. मी सातवीत होतो. वैशाखात खत उचलताना धामणीची अंडी निघाली होती. तुम्ही ती परत खतात झाकली, पण दादानं आणि मी चार पळवली आणि माजघरातल्या रांजणाखाली, गार ओल्या वाळूत पुरली. उकिरड्यातली फुटून गेली तरी आमची तशीच. शेवटी दोनच फुटली. पिल्लं बारकी, एकाच्या पाठीवरचे पट्टे मध्येच तुटलेले, पोटाचे खवले वाकडेतिकडे. तुम्ही म्हणालात, "हा नागाचा आणि धामणीचा संकर."

आप्पा, राग मानू नका, पण संकर नव्हता तो. नाग आणि धामण ही वेगळी कुळं, त्यांची सोयरीक जमत नाही. लोक जी 'जुळण' बघतात ती बहुतेक वेळा दोन नर धामणींची कुस्ती असते. माझा संशय त्या रांजणावर आहे.

अंड्यात पिल्लू घडताना पोटाचे रुंद खवले मणक्यांच्या हिशोबानं बसतात, साधारण एका मणक्याला एक. त्या दिवसांत गारठा जास्त झाला की बसवणी चुकते. खवला अर्धाच राहतो किंवा दुभंगतो, डावी बाजू उजवीशी जुळत नाही, कधी कणाच वाकतो. पाठीवरची नक्षीसुद्धा बिघडते. इथल्या अभ्यासकांनी स्नूकची अंडी गार आणि उबदार ठेवून पाहिली, तर गार अंडी उशिरा फुटली आणि खवले चुकलेली पिल्लं त्यांतच जास्त. फार उष्णताही वाईटच. ढिगाच्या अगदी पोटात अंडी उकडून निघतील. मादी बरोबर मधली जागा धरते, ती कशी ओळखते कोण जाणे.

अजगराची मादी तर ढीगही शोधत नाही. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवरचा अभ्यास १९६६ साली छापून आला. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली ती, हवा ३३ अंशांखाली गेली की स्नायूंना आचके देऊन अंग तापवायची. थंड रक्ताचा प्राणी म्हणून आम्ही शाळेत पाठ केलं, त्यात हे कुठेच नव्हतं.

रेवानं विचारलं, मग मुलगा की मुलगी हेही ऊबच ठरवते का? मगरीत हो. सापात नाही, ते आईबापांकडून आधीच ठरून येतं.

आमच्या चार अंड्यांतली दोन फुटलीच नाहीत, ते अजून लागतं मनाला. हलवताना ती उलटीपालटी झाली, त्यानंही गेली असतील. तेव्हा दादाला सांगा, वैशाखात खत उचलताना अंडी दिसली तर जशी आहेत तशीच झाका, वरची बाजू वर ठेवून, आणि तेवढा कोपरा मागाहून उचला.

रेवाला त्या रांजणाचा फोटो हवा आहे. अजून माजघरातच आहे ना? खालची वाळू दिसेल असा काढा.

आईस नमस्कार.

तुमचा,
विजू