आधी चर, मग खाण

संपादक महोदय,

कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काचेला आणि ओतकामाच्या साच्यांना ही वाळू लागते. आमची वाडी त्याच पट्ट्यात आणि माझे तीन कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, पाच एकरांच्या एका लहान खाणीच्या खालच्या अंगाला. खाण बंद करा असं मी म्हणत नाही. आमच्या भावकीतली मुलं तिथे डंपरवर आहेत. माझं म्हणणं खाणीतून उतरणाऱ्या पाण्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, लावणी होऊन चार दिवस झाले होते. वाळू धुतल्यावर उरणारा पांढरा गाळ खाणीच्या कडेला रचून ठेवलेला होता. एका रात्रीच्या पावसात तो वहाळातून, म्हणजे ओढ्यातून, माझ्या कुणग्यांत उतरला. सकाळी गेले तर रोपं दिसेनात. चार बोटं जाड थर. दोन दिवस ऊन पडलं तेव्हा त्याची खापरी झाली आणि खालची रोपं कुजली. पंचनाम्यात कारण लिहिलं गेलं ‘अतिवृष्टी’. पाऊस तर आमच्याकडे दरवर्षीच असा पडतो! सासऱ्यांच्या वेळेपासून या मळ्यात पूर यायचा, ओसरायचा. पांढरी माती कधी आली नव्हती.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तो गाळ काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळला आणि खिडकीत ठेवला. वाळू मिनिटभरात तळाला गेली. वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही ताकासारखंच होतं. चिकणमातीचा बारीक कण मीटरभर खाली बसायला दिवसच्या दिवस घेतो.

आता खाणीतली गाळ बसवायची टाकी बघा. मी स्वतः टेप लावून मोजली: २० फूट लांब, १५ फूट रुंद, ८ फूट खोल. म्हणजे सुमारे ६८ हजार लिटर. पाच एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं २० लाख लिटर आणि असा दिवस कोकणात नवलाचा नाही. ते सगळं टाकीत वळवलं तरी दिवसात ती तीसेक वेळा भरून वाहील. ज्या मातीला बसायला तीन दिवसही पुरत नाहीत तिला तिथे तासभरही मिळत नाही. आणि हे फक्त खाणीवर पडलेलं पाणी. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, येणारं त्यात धरलेलंच नाही.

खरं दुखणं त्या सड्याच्या पाण्यात आहे. ते स्वच्छ असतं; खड्ड्यात आणि ढिगांत शिरलं की गढूळ होतं. खाणीच्या वरच्या अंगाला नीट उतार देऊन चर मारला, ते पाणी बाजूने वळवून वहाळाला नेलं, तर निम्मं काम तिथेच होतं. खाणीच्या नकाशावर असा चर आहे, निळ्या रेषेत, पूर्ण वेढा घातलेला. प्रत्यक्षात तो काजूच्या एका झाडापर्यंत जातो, थांबतो आणि त्याचं पाणी डंपरच्या रस्त्याने खड्ड्यात पडतं. नकाशा इंग्रजीत आहे. खालच्या वाडीतल्या कुणीही तो कधी पाहिलेला नव्हता.

एका टाकीऐवजी एकापुढे एक तीन टाक्या हव्यात आणि त्या मे महिन्यातच उपसायला हव्यात. धुलाईचं पाणी वहाळात न सोडता पुन्हा धुलाईलाच वापरता येतं. ढिगाच्या पायथ्याला दगडी गडगा हवा. वरच्या थराची काळी माती वेगळी, बुटक्या ढिगात ठेवायला हवी होती; ती पांढऱ्या ढिगाखाली गाडली गेली आहे. खड्डा बुजवताना वर पसरायला आता ती कुठून आणणार? ती माती नसेल तर तिथे गवतही धरणार नाही. या गोष्टीचं मला माझ्या बुडालेल्या भातापेक्षाही जास्त वाईट वाटतं.

खाण लहान आहे म्हणून चालतं, असं मला एकदा ऐकवलं गेलं. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणलं आणि सिलिका वाळू २०१५ पासून गौण खनिजांतच मोडते. ८ जानेवारी २०२० ला त्याच न्यायालयाने सांगितलं की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत आणून ती चारा आणि झाडोरा वाढेल अशी करून द्यायची. पण सगळं शेवटासाठी राखून ठेवलं तर ते होत नाही. आमच्या खाणीचा पूर्वेकडचा खड्डा केव्हाच संपला आहे. पश्चिमेकडचं खोदकाम चालू असतानाच तो बुजवता येईल.

१ मेच्या ग्रामसभेत हा नकाशा मराठीत भिंतीवर लावावा. मृगाआधी खाणवाल्यांनी आणि खालच्या शेतकऱ्यांनी मिळून तो चर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघावा. एवढंच मागणं आहे.

तिन्ही कुणग्यांना पुरेल इतकं बियाणं मी आणून ठेवलं आहे. गेल्या वर्षी एकच लावला होता.

— एक निवृत्त शिक्षिका, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग