चार्ज बॅटरी रिकाम्या बॅटरीला जोडणं हेच तुमच्या किटचं काम आहे

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार विभाग

विषय: दोन बॅटऱ्यांच्या किटची केबल वितळली, रिले चिकटला, वॉरंटी नाकारली.

आज दुपारी तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही.

माझ्या पिकअपवर सप्त्याचा साउंड आहे. पुढची बॅटरी गाडीची, मागची 150 एएचची साउंडची. रात्रीचं कीर्तन आणि जागर झाला की पहाटे मागची 11.6 व्होल्टवर येते, म्हणजे रिकामी होते. रोजच येते, म्हणून तर किट घेतलं. गाडी सुरू झाली की किटमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोन्ही बॅटऱ्या केबलनं जोडतो आणि मागची चार्ज होते. गाडी बंद झाली की त्यानं त्या वेगळ्या करायच्या.

केज तालुक्यातल्या सप्त्यात सहाव्या दिवशी पहाटे गाडी सुरू केली, तर रिले टकटक करू लागला. 13.3 व्होल्टला जोडायचा, रिकामी बॅटरी ओढायची, व्होल्टेज 12.8 च्या खाली जायचं, सुटायचा, परत जोडायचा. शेवटी आतले पॉइंट चिकटले आणि दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहिल्या. त्या रात्री साउंडनं दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या केल्या. सकाळी काल्याच्या कीर्तनात महाराज उभे आणि माईक बंद. गावासमोर मान खाली घालावी लागली. दुसऱ्या गाडीवरून स्टार्टर देऊन निघालो, तर लोखंडी सावरगावच्या अलीकडं केबल वितळल्याचा वास.

आता आजचं बोलणं. त्यानं विचारलं, "मागची बॅटरी डिस्चार्ज होती का?" होती. "पुढची चार्ज होती?" आदल्या पहाटे होती. "मग सर, चार्ज बॅटरी डिस्चार्ज बॅटरीला जोडायचीच नसते. तुमची चूक आहे." मी विचारलं, मग किट कशासाठी विकता? तो म्हणाला, "गावाकडच्या मिस्तरीनं बसवलं असेल." मी म्हणालो, तुमच्या पुस्तिकेतली आकृती समोर ठेवून बसवलंय. त्यावर, "ते टेक्निकल आम्हाला सांगू नका," आणि फोन ठेवला. चार्ज बॅटरी जोडायचीच नसते! हे तुमच्या कंपनीचा माणूस सांगतो.

जोडल्यानं बॅटरी फुटत नाही. व्होल्टेजचा फरक आणि वायरचा अडथळा यांवर करंट ठरतो, मागची भरत आली की तो आपोआप कमी होतो. आमच्या मिस्तरीनं त्याच मापाची नवी केबल टाकून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला: 78 अँपिअर. तुमची केबल 6 स्क्वेअर एमएमची, ती एवढा करंट सतत सोसत नाही, आणि फ्यूज 100 अँपिअरचा. म्हणजे केबल जळेपर्यंत फ्यूज उडणारच नाही. तोही फक्त पुढच्या बॅटरीजवळ. मागच्या बाजूला वायर बॉडीला घासली तर काय? बॅटरी दोन्हीकडे आहे, फ्यूज दोन्हीकडे पाहिजे. गाडीत माणसं बसतात हो.

नवा रिले, 25 स्क्वेअर एमएमची केबल आणि दोन्ही टोकांना योग्य फ्यूज 15 दिवसांत द्या. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बीडच्या जिल्हा आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मी चौकशी केली आहे. जळालेली केबल जपून ठेवली आहे.

आणि माझ्या शब्दावर आणखी तिघा साउंडवाल्यांनी हेच किट घेतलंय. मी त्यांना केबल काढून ठेवायला सांगितलं. ते सांगणं तुमचं काम होतं.

एक ग्राहक,
अंबाजोगाई, जि. बीड