नव्वद युरोंची सायकल

राइस्वाइक, नेदरलँड्स,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सायकलीचा विषय निघाला की आई "आधी हेल्मेट घे" म्हणते, तुम्ही "गिअर किती?" विचारता आणि मूळ हिशोब तसाच राहतो. म्हणून आज लिहूनच पाठवतेय. (आई, इथे हेल्मेट घातलेला माणूस दिसला तर तो एक तर पर्यटक असतो, नाही तर शर्यतीवाला. मी तरी घेईन, तू चिडू नकोस.)

घरापासून कॉलेज सात किलोमीटर. आपल्या विश्रामबागहून गणपती मंदिरात जाऊन परत यायचं, साधारण तेवढंच. ट्रामला एका बाजूचे अडीच युरो पडतात. डच विद्यार्थ्यांना सरकारकडून प्रवासाचा पास मिळतो, आम्हा बाहेरच्यांना नाही. आठवड्यातून चारच दिवस गेले तरी महिन्याचे ऐंशी युरो होतात, म्हणजे युरोला शंभर धरले तर आठ हजार रुपये. भाडं, विमा, किराणा जाऊन माझ्या हातात दीडशे उरतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त ट्रामच खाते.

सायकल तर हवीच. प्रश्न आहे तो कोणती, हा.

पहिल्यांदा मी पंचवीस युरोंना भुलले होते. डेल्फ्टला स्टेशनजवळ एक जण सायकल ढकलत आला आणि "घेतेस का?" म्हणाला. मी वाकून बघितलं, तर फ्रेमवर जिथे नंबर असतो तो भाग पत्रा दिसेपर्यंत खरवडलेला. पोलिसांच्या साइटवर नंबर टाकला की सायकल चोरीची आहे का ते कळतं, पण नंबरच नसेल तर काय टाकणार? आणि संशय यायला हवा इतक्या स्वस्तात चोरीचा माल घेतला, तर इथे घेणाराही गुन्हेगार ठरतो. मी "नको" म्हणून चालू लागले, तर त्याने मागून "वीस!" अशी हाक मारली. तेव्हा तर खात्रीच पटली.

दुसरा मार्ग भाड्याचा. स्वॅपफीट्स म्हणून कंपनी आहे, २०१४ मध्ये इथल्या डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी काढलेली. तिच्या सायकलींचं पुढचं टायर निळं असतं, त्यामुळे कॉलेजचा स्टँड लांबूनच निळानिळा दिसतो. महिन्याला वीसेक युरो द्यायचे, बिघडली की तेच बघतात. वाईट नाही. पण वर्षाचे अडीचशेच्या आसपास जाणार आणि शेवटी हातात काहीच नाही, हे माझ्या मनाला पटेना. हा तुमचाच गुण माझ्यात उतरलाय.

आता तिसरी. शिक्षण संपवून घरी परत निघालेली एक मुलगी आपली सायकल नव्वदला देतेय. काळी, उंच, मधली दांडी खाली वाकलेली, आपण लेडीज सायकल म्हणतो तशी. इथे हिला 'ओमाफीट्स' म्हणतात. ओमा म्हणजे आजी, फीट्स म्हणजे सायकल. गिअर एकही नाही. गेल्या रविवारी मी चक्कर मारून बघितली. सीट सगळ्यात खाली घेतली तरी माझे चवडेच टेकतात, हे लोक उंचच तेवढे आहेत. हँडलला ब्रेक नाहीच. पायडल उलटं मारलं की मागचं चाक धरतं. आपल्याला थांबताना पायडल उलटं फिरवून वर घ्यायची सवय ना? पहिल्याच कोपऱ्यावर मी तसं केलं आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र थांबले नाही. काही लागलं नाही, फक्त मागून येणाऱ्या आजोबांनी घंटी वाजवून जे काय म्हटलं ते मला कळलं नाही, हे बरंच झालं.

मागचं टायर गुळगुळीत झालंय, चाकाला थोडा आऊट आहे (फिरताना डोलतं), मागचा दिवा लागत नाही. रात्री दिवे नसले तर दंड होतो, म्हणजे ते आधी करायला हवं. साखळीचं जाड कुलूप वेगळं घ्यायचं, कारण चाकाच्या कुलपावर इथे कोणी भरवसा ठेवत नाही. सगळं धरून एकशे चाळीस. दोन महिने चोरीला गेली नाही तरी ट्रामचे पैसे वसूल.

घोडं अडतंय ते दुरुस्तीपाशी. दुकानात नुसतं पंक्चर काढायचे पंधरा युरो घेतात, टायर बदलायचं तर चाळीसच्या वर. दोनदा दुकानात गेलं की स्वस्त सायकल संपली. पण बाबा, वॉल्व्ह अगदी तुमच्या अ‍ॅटलासच्या जातीचाच आहे! चेनवर पूर्ण कव्हर, ब्रेकचा दांडा फ्रेमला आवळलेला, त्यामुळे मागचं चाक काढणं म्हणजे दिवसाचं काम. म्हणून इथले लोक चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून पंक्चर काढतात. हे तर मी तुम्हाला अंगणात घमेल्यात पाणी घेऊन करताना शंभर वेळा बघितलंय. ठिगळाची डबी दोन-तीन युरोंना मिळते. म्हणजे दुकान टाळता आलं तरच ही सायकल परवडते, आणि ते तुमच्या हातात आहे.

त्या मुलीने शनिवारी दुपारी तीनला बोलावलंय, तुमच्याकडे साडेसहा वाजतील. व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही चाक फिरवून घ्यायला सांगा, आऊट निघण्यासारखा आहे का बघा, आणि छर्रे वाजतात का ते ऐका.

आता आईसाठी. शनिवारी धनत्रयोदशी आहे हे मला माहीत आहे. शनिवारी लोखंड घेऊ नये, धनत्रयोदशीला तर नकोच, हेही माहीत आहे, आणि फ्रेम लोखंडाचीच आहे. शुक्रवारी वसुबारसेला पैसे देऊन ठेवले असते, पण बाबा म्हणतात वस्तू नीट तपासल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. सोमवारी ती मुलगी विमानात बसतेय. तेव्हा रविवार चालेल का, ते तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा आणि मला कळवा. मी तिला तसं विचारून बघते.

चकल्यांचं पार्सल अजून पोचलेलं नाही.

तुमची,
मनू